चिंबोरी, मुठा आणि अल्कॉक

पहिला पाऊस पडून आठवडा झाला की पनवेलच्या बाजारात दोन टोपल्या शेजारी शेजारी दिसू लागतात. एक कोळणीची. तिच्यात सुतळीने डेंगे आवळून बांधलेल्या हिरवट-काळ्या चिंबोऱ्या असतात, अंगाला अजून खाडीचा चिखल. दुसरी टोपली माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याकडून आलेल्या ठाकूर नाहीतर कातकरी बाईची. तिच्यात पानांखाली झाकलेले मुठे. गिऱ्हाइकाच्या लेखी दोन्ही खेकडेच आणि रस्साही दोन्हींचा होतो. पण या दोन टोपल्यांमधलं हातभर अंतर प्राणिशास्त्राच्या हिशेबात फार मोठं आहे.

चिंबोरीची मादी अंडी धरली की खाडी सोडून उघड्या समुद्राकडे जाते. तिच्या पोटाखालच्या झापेला लाखो अंडी चिकटलेली असतात. त्यातून जे पिल्लू बाहेर पडतं ते खेकड्यासारखं मुळीच दिसत नाही. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा, पारदर्शक अंगाचा, मोठ्या डोळ्यांचा, पाठीवर काटा आणि मागे शेपटी असलेला तरंगता जीव. त्याला झोइया म्हणतात. कात टाकत टाकत त्याचा मेगॅलोपा होतो, मग बोटाच्या नखाहून लहान खेकडा, आणि तो पुन्हा खाडीच्या तोंडाशी येतो. झोइया आईपेक्षा इतका निराळा, की युरोपातल्या अभ्यासकांनी त्याला स्वतंत्र प्राणी समजून नावही देऊन टाकलं होतं. तो खेकड्याचंच मूल आहे हे आयर्लंडमध्ये कॉर्कला नेमणुकीवर असलेल्या जॉन व्हॉन थॉमसन या लष्करी डॉक्टरने १८२८ साली छापून सांगितलं, आणि पुष्कळांनी ते लगेच मानलं नाही.

मुठ्याचं सगळं घरच्या घरी. मादी अंडी थोडीच घालते, पण ती मोठी असतात. झोइयाची अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येतं ते हुबेहूब खेकड्याचं पिल्लू. काही दिवस ते आईच्या झापेखाली राहतं, मग तिथेच बांधाच्या नाहीतर ओहोळाच्या कडेला आपलं बीळ धरतं. समुद्राशी त्याचा संबंध उरलेला नाही. म्हणूनच एका डोंगरावरचा मुठा दुसऱ्या डोंगरावर सहसा पोचत नाही, आणि काळाच्या ओघात एकेका घाटाचा मुठा निराळा होत जातो. चिंबोरीची पिल्लं मात्र प्रवाहाबरोबर कोसच्या कोस जातात. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून उतरून पनवेलपाशी खाडीला मिळते, त्यामुळे एकाच तालुक्यात, एकाच दिवशी, या दोन्ही तऱ्हा आपल्याला बघायला मिळतात.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पनवेल बंदर होतं. मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीने पनवेलला उतरायचं आणि चौक-खोपोलीवरून बोरघाट चढायचा. १८२५ च्या पावसाळ्यात कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर याच वाटेने पुण्याला गेला. त्याच्या रोजनिशीत दख्खनच्या गवताळ जमिनीवरच्या खेकड्यांचं मोठं जिवंत वर्णन आहे. खेकडा उभा राहून डेंग्यांनी गवत कापतो, आपल्याएवढा भारा उचलतो आणि तिरका तिरका धावत बिळाकडे नेतो, हे त्याने थांबून पाहिलं होतं. त्याच काळात कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी दख्खनभर फिरत होता. खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढलेला हा माणूस पुढे आपल्या नद्यांतले मासे आणि माळावरचे पक्षी गोळा करत बसला. माशांना शास्त्रीय नावं देताना त्याने मराठी नावंच लॅटिन साच्यात बसवली. नुक्ता, फुलंगी, कोळस, खुद्री अशी इथल्या बोलीतली नावं जगभरच्या मत्स्यशास्त्रात त्यामुळे आजही चालतात. १८३६ साली लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात दख्खनच्या जमिनीवरच्या खेकड्यांवर त्याचा लेख आला. त्यात वेस्टवुड या अभ्यासकाने मुठ्याचं वर्णन करून त्याला कुनिक्युलॅरिस, म्हणजे बीळ खणणारा, असं नाव दिलं. आज तो बॅरिटेल्फुसा कुनिक्युलॅरिस. माशांना मिळालं ते मराठी नावाचं भाग्य मुठ्याला मिळालं नाही, याची मला नेहमी चुटपुट लागते.

हेबर प्रवासी होता, साइक्स हौशी. भारतातल्या खेकड्यांचा पाया ज्याने खरोखर घातला तो माणूस त्यांच्यानंतर आला, आणि त्याचा जन्म मुंबईतला. आल्फ्रेड विल्यम अल्कॉक, २३ जून १८५९. बाप जहाजाचा कप्तान.

अल्कॉकचं तरुणपण वाचताना हा पुढे मोठा शास्त्रज्ञ होईल असं कुठेही वाटत नाही. इंग्लंडमध्ये शाळा चालू असताना बापाचे पैसे बुडाले आणि १८७६ मध्ये सतरा वर्षांच्या मुलाला शाळेतून काढून वायनाडला कॉफीच्या मळ्यांवर पाठवलं. मलबारच्या जंगलात भटकायला मिळालं हा त्यातला लाभ. कॉफीचा धंदा बसला तसा तो कलकत्त्यात एका अडतीच्या कचेरीत लागला. ती बंद पडली. मग पुरुलियाला आसामच्या चहामळ्यांसाठी मजूर भरती करण्याचं काम त्याने केलं. त्या भरतीत आदिवासींचे काय हाल झाले हे आपल्याला ठाऊक आहे, आणि अल्कॉकच्या आयुष्यातला हा भाग कौतुकाच्या भरात वगळणं मला बरोबर वाटत नाही. पण तिथेच एका ओळखीच्या माणसाकडून मायकेल फॉस्टरचं शरीरक्रियाशास्त्राचं छोटं पाठ्यपुस्तक त्याच्या हाती आलं आणि त्याची दिशा बदलली. दार्जिलिंगच्या शाळेत काही काळ मास्तरकी करून तो स्कॉटलंडला गेला, १८८१ मध्ये ॲबर्डीनला वैद्यकीला बसला, १८८५ मध्ये पदवी घेऊन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला. सरहद्दीवरच्या पलटणींत दोन-तीन वर्षं गेली. १८८८ मध्ये त्याला हवी ती जागा मिळाली: सागरी सर्वेक्षणाच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या जहाजावर डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक.

हे जहाजही मुंबईचंच. इथल्या गोदीत बांधलेली लाकडी, चाकं लावलेली आगबोट, १८८१ साली पाण्यात उतरलेली. तिचं खरं काम समुद्राची खोली मोजून नकाशे करण्याचं. खोली मोजून झाली की उरल्या वेळात डॉक्टरने जाळं सोडायचं, अशी त्या नोकरीची रीत. बंगालच्या उपसागरात, अंदमानजवळ, लक्षद्वीपच्या आसपास, जिथे उजेड पोचत नाही अशा खोलीत जड जाळं तारेच्या दोरावर सोडायचं, तळाशी ओढायचं आणि वर घ्यायचं. या एका फेरीत तासच्या तास जात. कधी फाटकं जाळं वर यायचं, कधी नुसता चिखल. आणि कधी त्या चिखलात कुणीही पूर्वी न पाहिलेली कोळंबी, लांब काड्यांसारख्या पायांचा खेकडा, समुद्रफूल पाठीवर घेऊन फिरणारा शंखातला खेकडा. मुंबईच्या सरकारी जहाजांवर तेव्हा रत्नागिरीकडचे खलाशी मोठ्या संख्येने असत. कुठल्या जाळ्यात काय आलं याची नोंद राहिली, ते जाळं कुणाच्या हातांनी वर आलं याची नाही.

चार वर्षांच्या या नोकरीत अल्कॉकने पाहिलेल्या गोष्टींपैकी एक माझ्या विशेष जवळची आहे, कारण ती पनवेलच्या खाडीवर कुणालाही दिसते. ओहोटीला खाडीपुलाच्या बाजूला तिवरांच्या कडेने उघडा पडलेला चिखल असतो. तिथे दहा मिनिटं न हलता उभं राहायचं. आधी काही दिसत नाही, नुसती भोकं. मग एका भोकातून दोन देठांवरचे डोळे वर येतात, मग अख्खा खेकडा, रुपयाच्या नाण्याएवढा. नराचा एक डेंगा इवलासा आणि दुसरा अंगाहून मोठा, कुणाचा पांढरट, कुणाचा लालसर. लहान डेंग्याने तो चिखल उचलून तोंडाकडे नेतो, तोंडाजवळचे बारीक केसाळ अवयव त्यातला खाण्याजोगा अंश चाळून घेतात आणि उरलेल्या चिखलाची गोळी तो खाली ठेवून देतो. थोड्या वेळात त्याच्या बिळाभोवती मोहरीसारख्या गोळ्यांची रांगोळी होते. मादीचे दोन्ही डेंगे लहान, त्यामुळे ती दोन्ही हातांनी जेवते आणि नर एकाच हाताने. मोठा डेंगा जेवणाला उपयोगाचा नाही. मग तो कशाला?

मध्येच नर थांबतो, मोठा डेंगा बाजूला उघडतो, वर नेतो आणि खाली आणतो. पुन्हा तेच. शेजारचा करतो, त्याच्या शेजारचा करतो. सगळा चिखल कुणाला तरी हाका मारतोय असं वाटायला लागतं. अल्कॉकने गोदावरीच्या मुखाशी हेच पाहिलं आणि १८९२ मध्ये त्यावर लिहिलं: मादी जवळून गेली की नर डेंगा हलवतो, आणि त्याच मोठ्या डेंग्याने नर नराशी झगडतो. म्हणजे मोठा डेंगा मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला हटवण्यासाठी. आज हे शाळेच्या पुस्तकात शोभेल इतकं साधं वाटतं. पण तेव्हा खेकडे म्हणजे बाटलीत बुडवलेले मेलेले नमुने. त्यांचे दात, काटे, पायांचे सांधे मोजायचे हाच अभ्यास. अल्कॉक चिखलात उभा राहून जिवंत खेकड्याकडे बघत होता आणि तो हे का करतोय असं विचारत होता. त्याच सुमाराला लाल वाळूखेकडा डेंग्यावरच्या खरखरीत पट्टीने आवाज कसा काढतो, हेही त्याने लिहिलं. शेकडो जातींना नावं देणारे त्या काळात बरेच होते. हात हलवणाऱ्या खेकड्यासमोर थांबणारा हा माणूस मला त्या सगळ्यांत निराळा वाटतो.

नावांचं कामही त्याने थोडं केलं नाही. १८९३ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख जेम्स वुड-मेसन मायदेशी जाताना बोटीवरच वारला आणि ती जागा अल्कॉककडे आली. संग्रहालयात वर्षानुवर्षांचे खेकडे बरण्यांत पडून होते. ‘इन्व्हेस्टिगेटर’ची भर होतीच. १८९५ ते १९०० या पाच वर्षांत त्याने भारतातल्या खेकड्यांचं सहा भागांचं वर्णन बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. आपली चिंबोरी ज्या पोहणाऱ्या खेकड्यांच्या कुळात मोडते ते १८९९ च्या भागात, खाडीतले डेंगा हलवणारे आणि वाळूतले खेकडे १९०० च्या भागात. मधेच १८९५ मध्ये सरकारने त्याला पामीरच्या सीमा आयोगाबरोबर बर्फात धाडलं, तिथूनही तो प्राण्यांचा अहवाल घेऊनच आला. १९०१ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. १९०२ मध्ये ‘अ नॅचरलिस्ट इन इंडियन सीज’ हे पुस्तक आलं. बोटीवरच्या त्या वर्षांची ही हकीकत अभ्यासकापेक्षा साध्या वाचकाला धरून ठेवते.

संग्रहालयाची जागा, पैसा, माणसं याबाबतच्या त्याच्या मागण्या सरकारने मनावर घेतल्या नाहीत, आणि १९०६ मध्ये त्याने ती नोकरी सोडली. पुढे लंडनला पॅट्रिक मॅन्सनच्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेत तो डास, पिसवा, माश्या शिकवू लागला, आणि १९३३ मध्ये वारला. कलकत्त्यात त्याच्या जागी नेल्सन ॲनानडेल आला, आणि १९१६ मध्ये त्या संग्रहालयाच्या प्राणिविभागातून भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था उभी राहिली. खेकड्यांचा नाद अल्कॉकला सुटला नव्हता. भारतातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांवरचा त्याचा ग्रंथ १९१० मध्ये निघाला, म्हणजे मुठ्याकडेही तो वळलाच.

मुंबईच्या किनाऱ्याला स्वतःचा खेकडेवाला मिळायला मात्र स्वातंत्र्य यावं लागलं. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, त्याला जोडून सागरी जीवशास्त्राचं संशोधन केंद्र. तिथे बोमन फ्रामजी छापगर हा पारशी तरुण कामाला होता. १९५६ मध्ये त्याने मुंबईच्या काही खेकड्यांच्या अंड्यांतून निघणाऱ्या झोइयांची एकेक अवस्था वर्णन केली. १९५७ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या सागरी खेकड्यांवर त्याचं सविस्तर काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आलं. शिंपल्यात राहणाऱ्या वाटाण्याएवढ्या एका खेकड्याला त्याने विकाजी हे नाव दिलं. विकाजी तारापोरवाला म्हणजे ज्यांच्या देणगीतून मत्स्यालय उभं राहिलं ते गृहस्थ. छापगरांनी पुढे सामान्य वाचकांसाठी सागरी जीवांवर पुस्तकंही लिहिली. अल्कॉककडे आख्ख्या हिंदी महासागराच्या बरण्या होत्या. छापगरांनी आपल्या दारातल्या खडकांवर आणि मासळीच्या बाजारात पाहिलं, आणि आपल्याला रोज उपयोगी पडावं असं काम त्यातूनच झालं.

काम संपलेलं नव्हतं, हे चिंबोरीवरूनच कळतं. खाडीतली चिंबोरी म्हणजे स्किला सेराटा, असं अल्कॉकपासून अगदी अलीकडेपर्यंत सगळे लिहीत. कोळ्यांना मात्र तिच्यात फरक दिसत होता, आणि काही अभ्यासकांनाही ती एकच जात असेल असं वाटत नव्हतं. १९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान या तिघांनी शरीररचना आणि आनुवंशिक खुणा जुळवून दाखवलं की जगात स्किलाच्या चार जाती आहेत. भारतात सेराटा तर आहेच, पण तिच्या नावाखाली विकली जाणारी पुष्कळ चिंबोरी खरी ऑलिव्हेशिया आहे. ओळखायची खूण अवघड नाही. चिंबोरी उचलून डेंग्याच्या मनगटाचा बाहेरचा भाग पाहायचा. सेराटाला तिथे दोन टोकदार काटे असतात. ऑलिव्हेशियाला जेमतेम एक, तोही बोथट. दोन डोळ्यांच्या मधले दात सेराटाचे उंच, ऑलिव्हेशियाचे बुटके आणि गोलसर.

सह्याद्रीतही तेच झालं. २०१६ मध्ये समीर कुमार पाती, तेजस ठाकरे आणि साथीदाराने पश्चिम घाटातल्या खेकड्यांच्या पाच नव्या जाती एका शोधनिबंधात मांडल्या. त्यातल्या एकीचं नाव गुबर्नेटोरियाना अल्कॉकी. मग २०१८ मध्ये खाडीची पाळी आली. हिंदी महासागराच्या उत्तर किनाऱ्यांवरचा एक डेंगा हलवणारा खेकडा इतकी वर्षं आफ्रिकेकडच्या जातीत धरला जात होता. तो वेगळा निघाला आणि त्याला टुबुका अल्कॉकी म्हटलं गेलं. चिखलात उभं राहून ज्याने त्या हलत्या डेंग्याचा अर्थ लावला, त्याच्या नावाने आज त्या कुळातला एक खेकडा आपल्या देशाच्या किनाऱ्यावर डेंगा हलवतो.

अशी ओळख पटवण्याला पनवेलमध्ये आता घाई आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटनही झालं. आजूबाजूची खाजणं आणि शेतं भरावाखाली जात आहेत. खाजण बुजलं की चिंबोरीच्या पिल्लाला परत यायला जागा उरत नाही. बांध सपाट झाला की मुठ्याचं कूळ तिथल्या तिथे थांबतं, कारण त्याला दुसरीकडून येऊन भरून काढणारं कुणी नसतं. कुठल्या खाडीत कुठली जात होती हे आधी लिहून ठेवलेलं असेल तरच काय गेलं ते सांगता येईल. आपल्या शाळा-कॉलेजांतल्या प्राणिशास्त्राच्या मुलांनी एका वर्षात करण्यासारखं हे काम आहे. त्यासाठी जहाज नको. ओहोटीची वेळ माहीत हवी आणि बाजारात पहाटे जायची तयारी हवी.

मी गेल्या पावसाळ्यात बाजारात दोन्ही खुणा ताडून पाहायला बसलो. कोळीणमावशीच्या टोपलीतली एक मोठी चिंबोरी उचलली: मनगटावर दोन काटे, सेराटा. मग टोपलीच्या कडेला तिने निराळ्या ठेवलेल्या चारपाच बघितल्या. डेंगे लालसर, मनगट जवळजवळ गुळगुळीत. या वेगळ्या का काढल्या, मी विचारलं. तिने एक उलटी करून झाप दाखवली, मादी होती, रुंद झापेची. अंगठ्याने दाबून ती भरलेली आहे, आत लाख आहे, हे मला पटवलं. मग म्हणाली, “ही लाल डेंग्याची. ही इतकीच राहते, दादा. कितीबी दिस ठेव, मोठी नाय व्हायची.”

ऑलिव्हेशिया सेराटापेक्षा आकाराने लहान राहते, हे अभ्यासकांनीही नोंदवलेलं आहे. मी दोन्ही जातींची एकेक चिंबोरी घेतली.